ओझरचे मध्यान्ह आणि फाळक्यांचा वाटाणा

निफाड तालुक्यातील ओझर येथे कार्तिकातल्या एखाद्या निरभ्र दिवशी अंगणात काठी रोवून तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहत बसावे, तर त्या क्षणी मनगटावरचे घड्याळ बारा वाजून सुमारे १८ मिनिटे दाखवील. आणि तीच काठी माघात पाहावी, तर जवळजवळ ४८. सरकारी अंमलाने १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ देशाची वेळ म्हणून जाहीर केली (मुंबईने मात्र आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे हट्टाने चालू ठेवली), आणि ओझर त्या रेषेच्या पश्चिमेस साडेआठ अंशांवर असल्यामुळे सरासरी ३४ मिनिटांची ही तफावत पडते. उरलेली वाढघट पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या आसाची.

भौतिकशास्त्र असा काळ मोजते आणि कला तो अनुभवते, असे एक सुटसुटीत वर्गीकरण आपल्याकडे रूढ आहे. मला ते नेहमीच संशयास्पद वाटत आले असून, त्या संशयाचा सबळ पुरावा ओझरच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी ठेवला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा मांडला, आणि महिनाभराची वाढ ठराविक अंतराने टिपून ती मिनिटाभराच्या चित्रपटात आणली. सेकंदाला १६ चित्रे हा मूकपटांचा साधारण वेग धरला, तर मिनिटाला ९६० चित्रे लागतात. ती तीस दिवसांत सारखी वाटली, तर दर ४५ मिनिटांनी एक. आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी घंगाळातल्या पाण्यावर तळाशी छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र सोडीत, ते २४ मिनिटांनी बुडे. म्हणजे जवळजवळ दोन पात्रे बुडावीत आणि फाळक्यांचा एक क्षण व्हावा, असा हा जमाखर्च. पडद्यावरचा काळ हे टिपण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग यांचे गुणोत्तर असते, आणि येथे ते ४३,२०० पट होते.

आइन्स्टाइनने १९०५ साली काळाचे सार्वभौमत्व काढून घेतले, त्या घटनेशी या कुंडीचा संबंध ओढूनताणून जोडण्याची मला हौस नाही. तथापि दोन घड्याळे परस्परांशी ताडून पाहिल्यावाचून कोणाच्याही काळाविषयी बोलता येत नाही, हा हिशेब दोहोंकडे सारखाच आहे. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सीझियमची घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे गेली. वेगाने काळ मंदावतो, उंचीने तो त्वरित होतो, या दोन्हींची ती बेरीज-वजाबाकी होती. ओझरला १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, मिग-२१ तेथेच बांधली गेली. पण काळ त्वरित होण्यासाठी विमानात बसण्याचीसुद्धा गरज नाही. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे येथील अचूक घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावरील घड्याळापेक्षा वर्षाकाठी सुमारे दोन मायक्रोसेकंद पुढे जाईल. निसर्ग येथे भलताच कद्रू आहे.

वाटाण्याच्या बाबतीत तो तसा नाही. त्याचे प्रतान आधार शोधताना हवेत संथ वर्तुळे काढतात, एकेक फेरा तासा-दोन तासांत; आपल्या डोळ्यांना ते स्थिरच वाटतात. परंतु वरच्या हिशेबाप्रमाणे चित्रे जर पाऊणपाऊण तासाने घेतली, तर एका फेऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन चित्रे येतील, आणि वाढता वेल डोळ्यांदेखत उंच होत असताना त्याचे ते वर्तुळ मात्र पडद्यावर नुसती थरथर होऊन राहील.