अॅक्सिलरेटर सोडला की गाडीची शेपूट का फिरते? होंडा एस२००० आणि मागचं सस्पेन्शन

या भागाचं हे लिखित रूप, बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढून टाकलेलं.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेलमधून आलाय. हा मराठी मुलगा अमेरिकेत नोकरी करतो. त्याने सेकंडहँड होंडा एस२००० घेतली, २००१ची. पावसात हायवेच्या रॅम्पवर वळताना त्याने अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडी मागून निसटली. सुदैवाने आपटली नाही. आता एका गॅरेजवाल्याने सुचवलंय, "मागे जाड अँटी-रोल बार टाक, मागची बाजू घट्ट होईल." त्याचा प्रश्न: टाकू का?

नको टाकूस. का ते सांगतो.

एस२००० ही १९९९ ते २००९ या काळात बनलेली दोन सीटर. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं, चारही चाकांना डबल विशबोन. कागदावर एकदम आदर्श. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनचा एक स्वभाव आहे आणि तो समजायला आधी 'टो' समजायला हवा.

उभे राहा आणि दोन्ही पावलांची टोकं जरा आत वळवा. हे टो-इन. बाहेर वळवली तर टो-आउट. मागच्या चाकांना थोडं टो-इन असलं की गाडी शांत राहते, कारण वळणात ज्या चाकावर सगळा भार येतो ते बाहेरचं चाक मुळातच वळणाच्या आतल्या दिशेला तोंड करून असतं. ते शेपटीला बाहेर जाऊ देत नाही.

आता गंमत अशी की चाक वर-खाली झालं की हा कोन बदलतो. सुरुवातीच्या एस२०००मध्ये तो जरा जास्तच बदलतो. सस्पेन्शन दबलं की टो-इन वाढतं, सुटलं की कमी होतं. म्हणजे वळणात बाहेरचं चाक दबलेलं असताना गाडी रुळावर असल्यासारखी वाटते. ड्रायव्हरचा विश्वास वाढतो. आणि तेवढ्यात तो घाबरून पाय उचलतो. वजन पुढे सरकतं, मागच्या टायरवरचा भार घटतो, मागची बाजू वर उठते आणि ज्या टो-इनच्या जिवावर सगळं चाललं होतं तेही जातं. दोन आधार एकाच क्षणी निघतात. पावसात तर विचारूच नका.

(आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये ताकद पुढच्या चाकांना असते, त्यामुळे घाटात पाय उचलला तर सहसा गाडी जरा आत वळते, एवढंच. त्या सवयीने ही गाडी चालवू नये.)

मग जाड बार का नको? टायरचा एक नियम लक्षात ठेवा: भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजा, मागच्या प्रत्येक चाकावर ३०० किलो आहेत आणि पकडही ३००-३००, एकूण ६००. वळणात १५० किलो आतून बाहेर गेले. बाहेरचं चाक ४५० किलोवर समजा ४३० देईल, आतलं १५० वर १५५. बेरीज ५८५. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण दिशा बरोबर आहे. भार जितका जास्त एका बाजूला सरकेल, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. मागचा बार जाड केला की हे सरकणं मागे जास्त होतं. गाडी कमी झुकते, म्हणून 'घट्ट' वाटते. पकड मात्र मागचीच जाते.

करायचं ते उलट. पुढे थोडं कडक, मागे थोडं मऊ. होंडाने स्वतः २००४च्या मॉडेलमध्ये हेच केलं: पुढच्या स्प्रिंग कडक, मागच्या मऊ, मागच्या सस्पेन्शनची भूमिती बदलून टोचा चढउतार कमी, आणि मागचे टायर २२५ऐवजी २४५ रुंदीचे. त्यामुळे चारही टायर एकाच मापाचे टाकायचा मोह या गाडीत तरी टाळा.

पण बारला हात लावायच्या आधी टायर बघ. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. खोल नक्षी असलेला जुना टायरसुद्धा कडक होऊन ओल्या रस्त्यावर घसरतो. मग मागचे बुश. दोन दशकं जुनं रबर आहे. ते ढिलं असेल तर अलाइनमेंटच्या मशीनवर दिसलेला कोन रस्त्यावर राहीलच असं नाही. त्यानंतर अलाइनमेंट, शक्यतो ड्रायव्हरइतकं वजन सीटवर ठेवून.

आधीच्या मालकाने गाडी खाली बसवली असेल तर तेही तपास. खाली बसवल्याने मागे टो-इन वाढतं, टायर आतून झिजतात. मग टो पुन्हा कमी करून घेतात. आकडा कागदावर बरोबर येतो, पण चाक उठताना टो बदलण्याचा वेग तसाच राहतो. त्यासाठी टो-आर्मच्या टोकाची उंची बदलणारे किट मिळतात. टाकण्याआधी आणि नंतर मोजून घे: स्प्रिंग काढायची, चाक जॅकने दहा-दहा मिलिमीटर उचलायचं, प्रत्येक वेळी टो लिहायचा. आलेख जितका सपाट, तितकं चांगलं. मापं न घेता किट विकणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

एका वेळी एकच बदल कर, कोडमध्ये करतो तसा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि २००६पासून अमेरिकेत या गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल आलं, तुझ्या २००१च्या गाडीत ते नाही. त्यामुळे चाचणी रॅम्पवर नको. तिकडे मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून ऑटोक्रॉस होतात, तिथे जा, कमी वेगात वळणाच्या मध्यावर मुद्दाम पाय उचल आणि शेपूट किती लवकर फिरते ते बघ. मग मला आलेख पाठव.