चामड्याला तेल पाजू नका
घरच्या घरी दुरुस्ती : लेखांक ७

बॅगेचं हँडल काळवंडलं, कोपरे पांढुरके पडले, सोफ्याचा डोकं टेकायच्या जागेचा रंग उडाला, की घरोघरी निदान एकच: चामडं कोरडं पडलंय, त्याला तेल हवं. मग खोबरेल, नाहीतर एरंडेल, हौस दांडगी असेल तर ऑलिव्ह ऑइल. दोन बोटं फिरवली की चामडं गडद होतं, चकाकतं, आणि निदान बरोबर निघाल्यासारखं वाटतं. नव्याने रंग द्यायचं त्यानंतर सुचतं, आणि तोवर रंग धरू नये याची पुरती तजवीज होऊन बसलेली असते. गेल्या आठवड्यात आपण खरं चामडं आणि रेक्झिन यांतला फरक पाहिला. आज त्यापुढचा मुद्दा. आपल्याकडच्या जुन्या बॅगा, पाकिटं, सोफे यांतल्या बहुतेकांचं चामडं झिजलेलं नसतंच; झिजलेला असतो तो त्यावरचा लेप. तेल हा त्यावरचा उपाय नाही. बऱ्याचदा दुखण्याचं मूळच ते असतं.

लेप कुठून आला हे कळायला कातडं कमावण्याच्या कारखान्यात डोकवावं लागेल. आज जगातलं बहुतांश कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. ऑगस्टस शुल्ट्झने या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १८८४ मध्ये घेतलं आणि झाडांच्या सालींत महिनोन् महिने चालणारं काम दिवसांवर आलं. कमावलेलं कातडं निळसर दिसतं. ते रंगवतात आणि मोठ्या फिरत्या पिंपात, पाण्यात दुधासारख्या मिसळलेल्या तेलात घोळवतात. कातड्याचे तंतू सुकताना एकमेकांना चिकटून कडक होऊ नयेत म्हणून हे तेल. ते ओल्या कातड्यात, तंतूतंतूंपर्यंत पोचतं. त्यानंतर पृष्ठभागावर रंगद्रव्य आणि अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन यांचे पातळ थर फवारतात. हा लेप किती पातळ? युरोपीय मानकाप्रमाणे तो ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्या मालाला नुसतं ‘चामडं’ म्हणून विकता येत नाही. आपण बोट फिरवतो, पुसतो, पॉलिश करतो ते या लेपावर. तो शाबूत असताना वरून चोळलेलं तेल आत जवळजवळ शिरतच नाही.

आता झीज नेमकी कुठे होते ते पाहा. बॅगेच्या हँडलवर, पाकिटाच्या दुमडीवर, सोफ्याच्या डोक्याकडच्या आणि हातांवरच्या भागावर. घासलं जातं म्हणून, हे खरंच. पण सोफ्यावर सर्वांत जास्त घासली जाते ती बसायची जागा, आणि तिचा रंग पुष्कळदा टिकून असतो. डोक्याखालची पाठ मात्र आधी चिकट होते, मग मऊ पडते, मग तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. आपल्या घरात त्या जागेला काय मिळतं? डोक्याचं तेल आणि घाम, रोज, वर्षानुवर्षं. तेलाने चामडं पोसलं गेलं असतं तर अख्ख्या सोफ्यात तीच जागा सर्वांत सुरेख दिसायला हवी होती. तेल हळूहळू लेपात मुरतं, त्याला मऊ करतं आणि खालच्या चामड्यावरची त्याची पकड सोडवतं.

संग्रहालयांचा अनुभवही याच बाजूचा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये चामडी बांधणीच्या ग्रंथांसाठी लॅनोलिन, मेण, देवदाराचं तेल आणि हेक्झेन यांचं एक मिश्रण वापरत. हॅरल्ड प्लेंडरलीथ यांच्या १९४६ च्या पुस्तिकेनंतर ते जगभरच्या ग्रंथालयांत पोचलं. पुढे चिकट झालेली पुठ्ठ्यांची पाठ, त्यावर बसलेली धूळ, वर आलेला पांढरा थर असे परिणाम दिसू लागले, आणि ठरावीक काळाने तेल देण्याची चाल संवर्धकांनी सोडली. तो पांढरा थर आपल्याकडेही दिसतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्यातल्या डिसेंबरात तेल पाजलेल्या बॅगेच्या शिवणीवर पांढुरकी झाक उमटते आणि लोक तिला बुरशी समजतात. हेअर ड्रायरची कोमट हवा सोडून पाहावी: वितळून नाहीशी झाली तर ते तेल, तशीच राहिली तर बुरशी. अर्थात पावसाळ्यात तेलकट चामड्यावर खरी बुरशीही आवडीने वाढते.

यावर पहिला आक्षेप कोल्हापुरीचा येणार. कोल्हापुरी चपलेला तेल देतात आणि ती वर्षानुवर्षं टिकते, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे, पण ते चामडं निराळं. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं ते कातडं उघडं असतं, त्यावर प्लॅस्टिकसारखा लेप नसतो. तेल थेट तंतूंत जातं. तिथेही बेताने द्यावं एवढंच. आपली वस्तू कोणत्या जातीची हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. पट्ट्याच्या बकलाखाली किंवा बॅगेच्या घडीत, न झिजलेल्या जागी थेंब ठेवा. तो मण्यासारखा उभा राहिला तर लेप आहे. मिनिटाभरात मुरून काळा डाग पडला तर चामडं उघडं आहे. झिजलेल्या जागी हीच परीक्षा केली तर ती फसवते, कारण तिथला लेप गेलेला असल्याने पाणी मुरणारच. दुसरा आक्षेप प्रत्यक्षाचा: तेल लावताच रंग परत येतो, हे तर डोळ्यांनी दिसतं! दिसतं, पण ओलं कापड सुक्यापेक्षा गडद दिसतं तसं. त्यात नवा रंग कणभरही आलेला नसतो. बूटपॉलिशचं थोडं वेगळं. त्यात मेणाबरोबर रंगही असतो. बुटाला ते छान, कारण बूट पांढऱ्या सदऱ्याला घासत नाही. खांद्यावरची बॅग घासते.

तेव्हा काम लेप पुन्हा उभा करण्याचं आहे, आणि त्यातला बराच वेळ रंगाआधीच जातो. सौम्य साबणाचा नुसता फेस स्पंजवर घेऊन वस्तू पुसावी. कपड्याचा साबण आणि खाण्याचा सोडा दूर ठेवावेत, कारण ते अल्कधर्मी आणि चामडं किंचित आम्लधर्मी. सुकल्यावर झिजलेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पांढऱ्या फडक्याने पुसावी. ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुटलेल्या लेपाच्या कडा हलक्या हाताने सपाट कराव्यात, नखाला पायरी लागेनाशी होईपर्यंत, आणि धूळ पुसून टाकावी. मग चामड्यासाठीचा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग, स्पंजच्या तुकड्याने टिपत, इतका पातळ की पहिल्या हाताला खालचं चामडं दिसतच राहावं. घाई नेमकी इथे होते. एक जाड हात हँडल वाकताच तडकतो. चार-पाच पातळ हात, प्रत्येक पुरता वाळू देऊन, चामड्याबरोबर वाकतात. वरून पारदर्शक फिनिशचे एकदोन हात, आणि रंग पक्का व्हायला काही दिवस वस्तू वापराबाहेर.

आधीच तेल पाजून झालं असेल तर? वरवरचं अल्कोहोलने निघतं, आत मुरलेलं पुन्हा वर येतं. त्यासाठी कोरडी मुलतानी माती रात्रभर पसरून ठेवावी, सकाळी मऊ ब्रशने झाडावी, आणि हे दोनतीनदा करावं. नंतरही अल्कोहोलचं फडकं पिवळट येत असेल तर रंगाची बाटली उघडू नये; तो रंग पापुद्रा होऊनच निघेल. भेगांचा प्रश्न मात्र वेगळा. तिथे लेपाबरोबर तंतूही तुटलेले असतात आणि नुसत्या रंगाने भेग अधिकच उठून दिसते. त्या भरायच्या कशाने आणि कोणत्या भरायच्याच नाहीत, हे पुढच्या आठवड्यात.