फाइल लहानमोठी करताना

कचेरीतील फाइल फार जाड झाली, की कारकून जुने कागद सोडवून वेगळ्या गठ्ठ्यात बांधतो. कागद फाइलीतून जातो, कचेरीतून जात नाही. संगणकाच्या फाइलीचे तसे नाही. तिच्यातून कापलेला भाग कोणत्याही गठ्ठ्यात सापडत नाही, हे नवशिक्याने आरंभीच ध्यानी घ्यावे.

सोपी म्हणून नवशिक्यांना हल्ली बहुधा पायथन ही भाषा शिकवितात. गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. या भाषेत फाइल उघडताना ती कशासाठी उघडावयाची, हे एखाद्या अक्षराने सांगतात. 'डब्ल्यू' हे अक्षर दिले, की ती लिहिण्यासाठी उघडते खरी. पण उघडताक्षणीच रिकामी होते. एक शब्दही लिहिलेला नसतो आणि वर्षभराचा हिशेब गेलेला असतो! मजकूर राखून बदल करावयाचा, तर 'आर' आणि त्यापुढे अधिकचिन्ह द्यावे लागते.

येथेही एक गंमत आहे. पाच नावांच्या यादीवर आरंभापासून तीनच नावे लिहिली, तर जुन्या मजकुराचे शेपूट खाली तसेच लोंबत राहते. फाइल आपण होऊन आखडत नाही. ते छाटण्यासाठी 'ट्रंकेट' ही आज्ञा आहे. आकडा न दिल्यास, लेखन जेथे थांबले तेथून पुढचे सारे ती तोडते. दिल्यास तेवढेच बाइट ठेवते. आकडा फाइलीहून मोठा असेल तर फाइल वाढते, आणि वाढीव जागा बहुतेक यंत्रांवर शून्य मूल्याच्या बाइटांनी भरते.

मराठी लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. हा आकडा बाइटांचा असतो, अक्षरांचा नव्हे. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. काना आणि वेलांटी यांचीही गणना स्वतंत्र होते. म्हणजे 'मराठी' हा शब्द १५ बाइटांचा झाला. तो १० वर तोडला, तर 'मरा' एवढेच उरते (हेही काही शुभ नव्हे) आणि मागे 'ठ'चा एक निरर्थक तुकडा राहतो. पुढे ती फाइल मजकूर म्हणून वाचू गेल्यास पायथन त्या तुकड्याशी अडते आणि चूक दाखवून थांबते.

यास्तव फाइलीची प्रत आधी दुसऱ्या नावाने ठेवावी, मजकूर वाचून घ्यावा, तो चिन्हांच्या हिशेबाने तोडावा आणि मगच पुन्हा लिहावा. वेलांटी सुटून 'मराठ' राहिले, तरी फाइल निदान वाचता येईल.