तरुण बोक्याची तुंबलेली लघवी : ओळख, तातडी आणि खबरदारी

मांजर माणसाच्या घरी आले ते धान्याच्या मागोमाग. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू आणि जव यांची साठवण होऊ लागली, साठ्याकडे उंदीर वळले आणि उंदरांच्या मागे रानमांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा पुरातत्त्वज्ञांना सापडला आहे. आजही शेतघर, कणगी आणि गोदाम यांच्या आसपास मांजर आपले जुने काम करीतच असते. मात्र गाय, म्हैस, शेळी यांच्या आजारांकडे जितके लक्ष जाते, तितके मांजराच्या आजाराकडे जात नाही. परिणामी एक विकार बहुधा उशिरा ओळखला जातो : तरुण बोक्याची लघवी अडणे. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक बोके यातून वाचतात; न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.

बोक्यालाच हा धोका का?

भाटीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असतो. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून शिश्नाजवळ अतिशय अरुंद होतो. मूत्राशयाला सूज आली की तिथून निघालेला चिकट स्राव, पेशी आणि लघवीतील बारीक स्फटिक यांचा गोळा तयार होतो आणि या अरुंद भागात बुचासारखा बसतो. काही वेळा बारीक खडाही अडकतो.

शेळीपालकांना हा प्रकार अपरिचित नाही. धान्याचा खुराक जास्त आणि चारा कमी मिळालेल्या बोकडाच्या मूत्रमार्गाच्या टोकाशी असलेल्या बारीक शेपटीसारख्या भागात खडे अडकतात. गोऱ्ह्यात आणि बैलात ते मूत्रमार्गाच्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वळणावर अडकतात. लहान वयात खच्चीकरण केलेल्या बोकडात मूत्रमार्गाची पुरेशी वाढ होत नाही, म्हणून धोका वाढतो. बोका, बोकड आणि गोऱ्हा या तिघांत कारणे वेगळी असली, तरी नराचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने होणारी अडचण एकच आहे.

तरुण मांजरांतील मूत्राशयदाहाच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत जंतुसंसर्ग किंवा खडा यांपैकी काहीच आढळत नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून या दाहाचा संबंध ताणाशी असल्याचे दिसून आले. घरात नवे मांजर येणे, बांधकाम, जागाबदल, दिनक्रमातील खंड अशा गोष्टी मांजराला मानवत नाहीत. त्यात पाणी कमी पिण्याची सवय, लठ्ठपणा आणि केवळ कोरडे अन्न यांची भर पडते.

लक्षणे कशी ओळखावीत?

सुरुवातीची लक्षणे पुढीलप्रमाणे असतात :

- बोका वारंवार लघवीला बसतो, बराच वेळ कुंथतो. थेंबभर लघवी होते किंवा काहीच होत नाही.
- लघवीत रक्ताची छटा दिसते.
- नेहमीची जागा सोडून फरशी, मोरी किंवा अंथरूण यांवर बसतो.
- मूत्रेंद्रिय सतत चाटतो, बसताना ओरडतो.
- कोपऱ्यात लपतो, पोटाला हात लावू देत नाही.

मार्ग पूर्ण बंद झाल्यावर अन्न सुटते, उलट्या होतात, अंग थंड पडते आणि बोका निपचित होतो. मागील पायांच्या पुढे, पोटाच्या खालच्या भागात मूत्राशय मोठ्या लिंबाएवढे किंवा त्याहून मोठे व टणक लागते.

इथे सर्वांत अधिक घडणारी चूक म्हणजे कुंथणे हे बद्धकोष्ठाचे लक्षण समजणे. मग एरंडेल, तूप, कोमट दूध असे उपाय होतात आणि मोलाचा वेळ हातचा जातो. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने पशुपालकाला पहिला प्रश्न विचारावा तो शौचाचा नव्हे : ‘बोक्याने शेवटची भरपूर लघवी कधी केली?’ उत्तर माहीत नसेल, तर त्याला एका खोलीत कोरड्या मातीच्या पाटीसह ठेवून काही तास पाहावे. मात्र तो कुंथत असेल आणि माती ओली होत नसेल, तर वाट पाहू नये.

तातडी कशासाठी?

लघवी अडली की मूत्रपिंडांचे काम थांबते. साधारण एका दिवसात रक्तात विषारी द्रव्ये व पोटॅशियम साचू लागते. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि अखेर हृदय बंद पडते. लघवी पूर्ण अडलेला बोका रात्री आढळला, तर सकाळची वाट पाहणे धोक्याचे ठरते.

घरी काय करू नये?

पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये. ताणलेले मूत्राशय फुटू शकते. पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. हे औषध निष्क्रिय करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते, त्यामुळे माणसाची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामके तितकीच वर्ज्य आहेत. लघवी वाढवणारी औषधे किंवा काढे दिल्यास बंद मार्गामागील दाब वाढतो. उरलेली प्रतिजैविकेही देऊ नयेत. तरुण बोक्यात जंतुसंसर्ग हे कारण क्वचितच असते.

उपचार कुठे आणि कसा?

१९६२ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दूरध्वनी करावा. मांजरासाठी लागणारी बारीक मूत्रनलिका सर्वत्र असतेच असे नाही. ‘बोक्याची लघवी अडली आहे, नळी घालण्याची सोय आहे का?’ असे स्पष्ट विचारल्यास व्यर्थ फेरा टळतो. सोय नसल्यास जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथे अशी शासकीय महाविद्यालये आहेत.

वेदनेतील मांजर ओळखीच्या माणसालाही चावते. त्याला जाड टॉवेलात गुंडाळून झाकणाच्या टोपलीत न्यावे. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडून रेबीज लसीबाबत लगेच सल्ला घ्यावा.

दवाखान्यात सलाईन देतात, रक्त तपासतात आणि भूल देऊन मूत्रमार्ग मोकळा करतात. नळी बहुधा एक ते तीन दिवस ठेवावी लागते. मार्ग पुन्हा पुन्हा बंद होत असेल, तर अरुंद भाग वगळून रुंद मुख तयार करण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे.

लघवीत रक्त आणि उंदीरनाशक

ज्या घरात वा गोदामात उंदीरनाशक वापरले जाते, तिथे आणखी एक शक्यता तपासावी लागते. ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे विष आहे. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. मंदावलेला उंदीर मांजराच्या सहज तावडीत सापडतो आणि त्याच्या यकृतातील विष मांजराच्या पोटात जाते. काही दिवसांनी लघवीतून, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. अशा मांजराची लघवी सहसा अडत नाही. मात्र हिरड्या फिक्या पडतात आणि धाप लागते. त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा असून तो पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काही आठवडे द्यावा लागतो. म्हणून वापरलेल्या विषाचे वेष्टन दवाखान्यात सोबत न्यावे. आमिष उघड्यावर न ठेवता बिळात किंवा आमिषपेटीत ठेवावे, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. जिथे मांजरावर भिस्त आहे, तिथे सापळे आणि धान्यसाठ्याची उंदीररोधक बांधणी यांना प्राधान्य द्यावे.

पुन्हा होऊ नये म्हणून

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यांची तहान मुळातच कमी आणि लघवी दाट. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते, पाकीटबंद कोरड्या खाद्यात जेमतेम १० टक्के. शिकारीवर जगणाऱ्या बोक्याला भक्ष्यातूनच पाणी मिळते. कोरड्या खाद्यावर किंवा सुकटीवर ठेवलेल्याला ते वेगळे प्यावे लागते. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

- शिजवलेले मासे किंवा मांस त्याच्या बिनमिठाच्या पाण्यासह द्यावे. कोरडे खाद्य भिजवून द्यावे. खारट सुकट हा रोजचा आहार नव्हे.
- पसरट भांड्यांत, दोन-तीन ठिकाणी, रोज ताजे पाणी ठेवावे. दूध हा पाण्याला पर्याय नाही. अनेक प्रौढ मांजरांना ते पचत नाही.
- घरात राहणाऱ्या मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक मातीची पाटी ठेवावी व ती रोज साफ करावी.
- खच्चीकरणानंतर वजन वाढू देऊ नये.
- फटाके, पाहुण्यांची वर्दळ, बांधकाम यांच्या काळात लपण्यासाठी शांत, उंच जागा मोकळी ठेवावी.

एकदा लघवी अडलेल्या बोक्याला हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता असते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. या काळात तो दिवसातून किती वेळा आणि किती लघवी करतो, यावर घरातील एका व्यक्तीने लक्ष ठेवावे. गावभेटीत गोठ्याची पाहणी करताना विस्तार कार्यकर्त्यांनी घरातील बोक्याचीही चौकशी केली आणि १९६२ हा क्रमांक गोदामाच्या दारावर लिहून ठेवायला सांगितले, तर दवाखाना गाठायला उशीर होणार नाही.