हिंदमाताची गर्दी आणि जनगणनेचा आकडा

लग्नसराईत हिंदमाताच्या नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. कापड-साड्यांची गिऱ्हाइकं, केईएम-टाटाला आलेले रुग्ण नि त्यांचे नातेवाईक, टॉवरांतल्या ऑफिसांत निघालेली माणसं. ते बघून ‘परळची वस्ती किती वाढलीय’ असं जो तो म्हणतो. आकडे मात्र उलटं सांगतात. परळ-लालबाग-हिंदमाता ज्यात येतात त्या मुंबई महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात २००१ साली ३,९६,१२२ माणसं राहत होती. २०११ साली ३,६०,९७२. शेजारच्या जी दक्षिणमध्ये, म्हणजे वरळी-लोअर परळ पट्ट्यात, तर दहा वर्षांत ऐंशी हजार माणसं कमी झाली. जनगणना नाक्यावरची डोकी मोजत नाही, माणूस राहतो कुठे ते मोजते. सकाळी परळला उतरणारा डोंबिवलीकर डोंबिवलीच्याच खात्यात.

‘गिरण्या बंद पडल्या नि तेव्हापासून गिरणगाव रिकामं होतंय’ हे अर्धसत्य. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या १९८१ला ३२.८५ लाख होती, १९९१ला ३१.७५ लाख झाली. इथवर समज बरोबर वाटतो. पण २००१ला ती चढून ३३.३८ लाखांवर गेली आणि २०११ला ३०.८५ लाखांपर्यंत उतरली. शिवाय शहरात २००१ नंतरची टक्केवारीतली सर्वांत मोठी घट गिरणगावात नाहीच. ती सी विभागात, काळबादेवी-भुलेश्वरकडे आहे : जवळजवळ १८ टक्के. तिथे कुठे भोंगे वाजत होते? मला वाटतं, दहा बाय बाराच्या खोलीत दुसऱ्या मुलाचं लग्न ठरलं की काय होतं, याचं उत्तर दोन्हीकडे सारखंच आहे.

मग ही माणसं गेली कुठे? ‘गावी परतली’ हे उत्तर चाळीत हमखास मिळतं. पण २०११ला महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच होते : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. चाकरमान्याची खोली आणि त्याचं गाव, दोन्हीकडची माणसं एकाच दशकात कमी झाली. वाढला तो ठाणे जिल्हा, तेव्हाचा अखंड, ३६ टक्क्यांनी. कल्याण-डोंबिवली, वसई-विरार त्यातच.

‘पूर्वीची मुंबई कशी पिढ्यान्‌पिढ्यांची होती’ हाही एक लाडका समज. १९२१च्या जनगणनेत मुंबईतल्या ८४ टक्के लोकांचा जन्म मुंबईबाहेरचा होता, आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. बायका गावी भातशेती सांभाळत होत्या. ती खूण अजून पुसलेली नाही : २०११ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, मुंबई शहरात ८३२.

मराठीचा टक्का हा तापलेला विषय, म्हणून थोडक्यात. शहर आणि उपनगर मिळून मराठी मातृभाषा सांगणारे २००१ला सुमारे ४५ लाख होते, २०११ला ४४ लाख. हिंदी सांगणारे मात्र २६ लाखांच्या आसपास होते, ते ३६ लाखांवर गेले. टक्का घसरला तो मुख्यतः दुसरी बाजू वाढल्यामुळे.

२०२१ची जनगणना झालीच नाही. आता पुढचे आकडे १ मार्च २०२७ हा दिवस धरून निघतील. रेशनकार्ड गावचं असलं तरी नोंद राहत्या घरीच होते. आणि पुनर्विकासाच्या धास्तीने ‘खोलीत किती माणसं ते सांगू नका’ असा सल्ला कुणी दिला तर त्याला १९४८चा जनगणना कायदा दाखवावा. त्याच्या कलम १५नुसार जनगणनेची नोंद पाहण्याचा हक्क ना घरमालकाला आहे, ना बिल्डरला. आणि खोलीच्या दाव्यात ती कोर्टात पुरावा म्हणून चालतही नाही.