बोहारीण जे घेत नाही

दूर कुठे भूकंप झाला किंवा पूर आला, की दोन दिवसांत नागपूरच्या चौकाचौकांत टेम्पो उभे राहतात. मंडळांच्या फलकांवर 'फूल ना फुलाची पाकळी' असं आवाहन झळकतं आणि घराघरांतली कपाटं रिकामी होऊ लागतात. आपत्तीत काय करावं आणि काय टाळावं याचं प्रशिक्षण देणारं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय १९५७ मध्ये याच शहरात सुरू झालं. तरीही सामान्य नागपूरकराची मदतीची कल्पना पोत्यापलीकडे फारशी गेलेली नाही. दया खोटी असते असं मला म्हणायचं नाही, उलट ती फार खरी असते आणि म्हणूनच घाई करते. माझं म्हणणं एवढंच, की शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माणसाने वस्तू पाठवू नयेत. पैसे पाठवावेत, आणि त्यातलेही निम्मे उशिरा पाठवावेत.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या विषयाची सुरुवात किल्लारीपासून करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जन आटोपून झोपलेल्या लातूर-उस्मानाबादच्या गावांवर भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. सुमारे ८,००० माणसं गेली आणि ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे मी थेट कपड्यांकडे वळतो.

जुन्या कपड्यांची खरी किंमत आपल्याकडे एका व्यक्तीला नेमकी कळते, ती म्हणजे बोहारीण. दारात बसून ती साडीचा पदर उजेडात धरते, विरलेली घडी बोटाने चाचपते, शर्टाची कॉलर उलटवते आणि स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात काय चालेल ते सांगते. तिने नाकारलेला ढीग घरात पडून राहतो आणि आपत्ती आली की नेमका तोच पोत्यात जातो: नाडी नसलेला परकर, एका पायाची चप्पल, लग्नातला जरीचा ब्लाउज. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला टाकून दिले गेले. सर्वस्व गेलेल्या कोळी कुटुंबांनीही ते अंगाला लावले नाहीत. शेवटी जुन्या कपड्यांच्या क्षेत्रात १९९९ पासून काम करणाऱ्या 'गूंज' संस्थेला त्या ढिगांची वर्गवारी हाती घ्यावी लागली. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो कपडे गोळा करण्यासाठी मिळाला असं अनेकांना वाटतं, पण गोळा करणं कोणालाही जमतं. निवडणं, धुणं, जोड्या लावणं, मापानुसार गठ्ठे बांधणं आणि गावाला फुकट न देता गावच्या कामाचा मोबदला म्हणून देणं, हे त्या संस्थेचं खरं काम आहे. ही मेहनत जिथे होत नाही, तिथे ती आपत्तीग्रस्त गावावरच पडते. ढिगारे उपसायला माणसं कमी पडत असताना कोणीतरी आपली पोती सोडत बसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गरजवंताला अक्कल नसते, मिळेल ते घ्यावं. पण गरजवंताला आपली गरज बाकी कोणाहीपेक्षा चांगली कळते, आणि याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. तेव्हा अंबाझरी लेआउटमधल्या माणसाला चिखल उपसायला मजूर, पाण्याची मोटर दुरुस्त करायला मिस्त्री आणि भिजलेल्या कागदपत्रांच्या प्रती हव्या होत्या. कोणी पुण्याहून स्वेटरांचं पोतं पाठवलं असतं तर त्याने ते ठेवलं कुठे असतं? घरोघरची गरज वेगळी असते, आणि प्रत्येक घराची वेगळी गरज भागवू शकेल अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे रोख रक्कम. शिवाय आपत्तीत सगळा मुलूख बुडत नाही. किल्लारी उद्ध्वस्त झाली तरी लातूरची आडत उभी होती. नागपूरच्या इतवारी बाजारातून ट्रकभाडं भरून डाळ पाठवायची आणि डाळीच्या पेठेलाच फुकट डाळ वाटून तिथल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तोडायचं, हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. ताडपत्री, औषधं, पाणी पहिल्या काही दिवसांत लागतातच. पण ते काम प्रशासनाचं आणि जवळच्या जिल्ह्यांचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा पोचतो कशावरून? शंका रास्त आहे, पण ती पोत्याबद्दल कोणी का घेत नाही? पोत्याचं लेखापरीक्षण होत नाही. ते टेम्पोत चढताना आपल्याला दिसतं, एवढाच त्याचा भरवसा. पैशाची निदान पावती असते. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी तर फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४८ मध्ये सुरू झाला. आयकरातली देणगीची सवलतही पैशालाच मिळते, वस्तूला मिळत नाही. स्वयंसेवी संस्था निवडताना मी एकच कसोटी लावीन: आपत्तीच्या आधी ती त्या भागात काम करत होती का? आपत्तीनंतर नाव नोंदवलेल्या संस्थेपेक्षा दहा वर्षं तिथे बचतगट चालवणारी संस्था बरी.

किल्लारीचंच पाहा. नवी गावं सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची आखली गेली; त्यात जुनी गल्ली, शेजार आणि अंगण हरवल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली. पुढे सरकारने लोकसहभागाचं काम 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे दिलं आणि गावोगावच्या बायका प्रशासन आणि कुटुंबांमधला दुवा म्हणून उभ्या राहिल्या. भिंत कशी बांधली म्हणजे पडणार नाही, अनुदानाचा हप्ता कुठे अडला, हे त्या शेजारणींना समजावून सांगू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला भूज भूकंपाने हादरलं, तेव्हा लातूरकडच्या अशा बायका कच्छला गेल्या आणि त्सुनामीनंतर तमिळनाडूलाही. दूरच्या मदतीचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यांनी नेली ती अनुभवातून आलेली माहिती, आणि ती पोचायला आधी कोणीतरी अशा संघटनेला वर्षानुवर्षं पोसलेलं असावं लागतं.

ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी काय करावं? रक्तदानाची मोठी शिबिरं बातमी आल्यावर भरतात. पण तांबड्या पेशी जेमतेम सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट पाचच दिवस. म्हणून वर्षभर ठरावीक अंतराने दिलेलं रक्तच ऐन वेळी पेढीत असतं. ज्यांना संगणक येतो त्यांच्यासाठी आणखी एक काम आहे. जानेवारी २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशावर पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते नि इमारती रेखाटल्या, आणि मदतपथकं त्यावर फिरली. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळसाठी हेच झालं. नागपुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातून न हलता हे जमेल, आणि आपत्ती येण्याआधी केलं तर जास्त उपयोगी पडेल.

राहता राहिला उशिराचा मुद्दा. लोक म्हणतील, आज उसळलेली भावना वर्षभराने कुठे उरणार? उरणार नाही, हे मान्य. म्हणूनच रक्कम आजच वेगळी काढावी. मंडळाने गोळा झालेल्यातले निम्मे मुदत ठेवीत टाकावेत आणि पुढच्या दिवाळीला तिथल्या संस्थेला विचारावं, की आता काय अडलंय. तोवर कॅमेरे गेलेले असतात, अनुदानाची घरं निम्मी उभी असतात. उत्तर बहुधा फुटकळ येतं: विहिरीवरची मोटर, पाय गमावलेल्याची तीनचाकी, बारावीच्या मुलीची वसतिगृहाची फी. सरकारी पंचनाम्यात अशा गोष्टींना रकाना नसतो.