तळणीचं तेल: गाळणीच्या अलीकडे आणि पलीकडे

चकलीचा शेवटचा घाणा निघाला की कढईचा तळ झाऱ्याने एकदा ढवळून बघावा. भाजणीचे करपलेले कण, काळे पडलेले तीळ, सोऱ्यातून पाडताना तुटलेली टोकं, शंकरपाळ्यांच्या अंगावरचं कोरडं पीठ, असा चांगला चमचाभर गाळ वर येतो. पुष्कळ घरांत तो तसाच राहतो. कढईवर ताट झाकलं जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलात शेव पडते. ती लवकर गडद होते, खाल्ल्यावर मागून कडवट लागते, आणि दोष बेसनाला दिला जातो.

फराळाच्या आठवड्यात एरवी महिनाभरात लागत नाही एवढं तेल कढईत जातं. ते महागाचं असतं, उरलेलं ओतून देणं जिवावर येतं, आणि तसं यावंच. पण जपायचं तर ते नीट जपायला हवं, आणि कुठे थांबायचं हेही ठाऊक हवं. गाळणीचं काम आणि गाळणीची मर्यादा या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत, आणि आपल्याकडे दुसरीबद्दल फारसं बोललं जात नाही.

तेल गाळून ठेवायचं खास भांडं आता आपल्याकडेही विकत मिळतं. स्टीलचा उभट डबा, तोंडाशी बसणारी बारीक जाळीची वाटी, वर झाकण, ओतायला चोच. साधारण लिटर-दीड लिटर तेल मावतं. जपानमध्ये हे भांडं घरगुती स्वयंपाकघरात नेहमी दिसतं, कारण तिथे तेंपुरा घरी तळला जातो. पिठात बुडवून तळण्याची ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमुळे जपानला पोचली असं मानतात. पोर्तुगिजांची तिकडची वाट गोव्यावरूनच जात होती. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून त्याच वर्षी कागोशिमाला उतरला होता. काही जपानी भांड्यांत जाळीखाली सक्रिय कोळशाची बदलता येणारी वडी असते. तेलाचा रंग आणि वास यांतला काही भाग हा कोळसा धरून ठेवतो.

मला मात्र त्या डब्यापेक्षा जपानी स्वयंपाक्याचा झारा जास्त महत्त्वाचा वाटतो. तेंपुराचं पीठ पातळ असतं, त्याचे थेंब कढईभर पसरून कुरकुरीत होतात. सपाट, बारीक जाळीच्या झाऱ्याने ते प्रत्येक घाण्यानंतर वेचून काढले जातात. त्या कणांना तिकडे तेनकासु म्हणतात, आणि ते नूडल्सच्या रश्श्यावर घालून खाल्ले जातात. म्हणजे तेल गाळण्याआधीच निम्मं स्वच्छ झालेलं असतं. आपल्या नेहमीच्या झाऱ्याची भोकं चकली उचलायला योग्य आहेत, पण त्यांतून तीळ आणि भाजणीचे कण सहज निसटतात. फराळाआधी एकच वस्तू विकत घ्यायची असेल, तर बारीक जाळीचा झारा घ्यावा.

वेचलेल्या कणांचीही एक काळजी आहे. तेलात माखलेल्या गरम कणांचा ढीग बंद डब्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकला, तर तेलावर हवेची क्रिया होत राहते, त्यातून उष्णता निघते आणि ढिगाच्या पोटात ती कोंडते. तेनकासु अशा रीतीने आपोआप पेटल्याच्या घटना जपानमध्ये घडल्या आहेत, आणि तिथली अग्निशमन दलं त्याबद्दल लोकांना सावध करतात. कण ताटलीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावेत, मगच टाकावेत.

आता कढईत काय घडतं ते पाहू. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. तळण साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला होतं. चकली आत सोडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे उसळतात ते या वाफेचे. हे पाणी तेलाचे काही रेणू तोडतं आणि मेदाम्लं सुटी होतात. ती जितकी वाढतील तितकं तेल कमी तापमानाला धुरावू लागतं. म्हणून कालचं तेल आज लवकर धूर सोडतं. तेल फार तापलं की सुट्या झालेल्या ग्लिसरॉलपासून ॲक्रोलीन तयार होतं. डोळ्यांना झोंबतो तो धूर याचाच. दुसरीकडे हवेतला प्राणवायू मेदाम्लांवर क्रिया करतो, त्यातून खवट वासाची द्रव्यं बनतात. तिसरी क्रिया म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाणं. तेल दाट होतं, फेस धरतं, आणि कढईच्या काठावर तो पिवळट, चिकट, घासून न निघणारा थर बसतो.

गाळातले कण या सगळ्याला हातभार लावतात. ते पुन्हा पुन्हा तापून करपतात, कडू होतात, तेल काळं करतात आणि नव्या घाण्याला चिकटतात. धातूंचाही इथे संबंध आहे. तांबं आणि लोखंड यांचे अंश तेलाची हवेशी होणारी क्रिया वेगाने वाढवतात, त्यातही तांबं फार. पितळेत तांबंच जास्त असतं, त्यामुळे कल्हई गेलेल्या पितळी कढईत तळू नये आणि तळलेलं तेल तर तिच्यात रात्रभर मुळीच ठेवू नये. लोखंडी कढईत तळायला हरकत नाही, पण काम झाल्यावर तेल त्याच दिवशी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढावं. मीठही कढईवर धरून भुरभुरू नये, तळलेलं बाहेर काढून मग घालावं.

गाळायची वेळ आणि गाळणी, दोन्ही नीट निवडाव्या लागतात. उकळतं तेल ओतणं धोक्याचं. प्लास्टिकची चहाची गाळणी त्यात वाकते आणि हात भाजतो तो वेगळाच. पूर्ण गार तेल दाट होतं आणि जाळीवर रेंगाळतं. हाताला चांगलं ऊन लागेल, पण भांडं फडक्याने धरून उचलता येईल, इतपत तेल निवलं की गाळावं. डबा आणि जाळी आधी पूर्ण कोरडी हवीत. जाळीच्या विणीत राहिलेला पाण्याचा थेंब गरम तेलाला तडतडायला लावतो, आणि साठवलेल्या तेलात गेला तर रेणू तोडायचं काम पुढच्या तळणीत पुन्हा सुरू करतो.

जाळी किती बारीक असावी? एका इंचात शंभर तारा असलेल्या जाळीचं भोक साधारण ०.१५ मिलिमीटरचं असतं. तीळ, भाजणीचा रवाळ चुरा, अनारशावरून तुपात सुटलेली खसखस हे सगळं त्यात अडकतं. पण पिठाची बारीक धूळ पार होते. तांदळातल्या स्टार्चचा कण तर अवघा ३ ते ८ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. त्यासाठी जाळीवर धुतलेल्या सुती मलमलीची तीन-चार पदरी घडी किंवा कॉफीचा गाळणकागद घालावा. कागदातून तेल फार हळू उतरतं, एवढा वेळ हाताशी हवा.

वेळ असेल तर आणखी सोपी युक्ती आहे: तेल रात्रभर न हलवता ठेवायचं. द्रवात खाली बसणाऱ्या कणांचा नियम जॉर्ज स्टोक्स याने १८५१ मध्ये मांडला. आकार दुप्पट असेल तर कण चौपट वेगाने खाली जातो, आणि द्रव जितका पातळ तितकं बसणं लवकर. म्हणून तेल ऊन असतानाच डब्यात भरून ठेवलं तर गाळ लवकर तळाला जातो. सकाळी वरचं नितळ तेल अलगद ओतून घ्यावं आणि तळाचा बोटभर भाग सोडून द्यावा. लोणी कढवल्यावर तूप निवळू देऊन बेरीवरून गाळून घेणाऱ्या घरांना हे शिकवायची गरज नाही. तीच शिस्त तळणीच्या तेलाला लावायची आहे.

गाळलेलं तेल अंधारात, गार जागी, गळ्यापर्यंत भरलेल्या भांड्यात ठेवावं. मोठ्या डब्याच्या तळाशी पसरलेल्या थोड्या तेलाला हवा जास्त लागते. शेगडीशेजारची जागा यासाठी सगळ्यांत वाईट. मासे तळलेलं तेल वेगळं ठेवावं, आणि ते पुन्हा माशांनाही न वापरलं तर उत्तमच, कारण माशाची स्वतःची नाजूक मेदाम्लं त्यात उतरलेली असतात.

इथपर्यंत गाळणीचं काम झालं. आता तिची मर्यादा. गाळणी काढते ते न विरघळलेले कण. सुटी झालेली मेदाम्लं, खवट द्रव्यं, एकमेकांना जोडलेले रेणू हे तेलात विरघळलेलं असतं आणि जाळी, कापड, कागद यांतून जसंच्या तसं खाली येतं. कोळसा त्यातलं थोडं धरतो. मोठ्या उपाहारगृहांत मॅग्नेशियम सिलिकेटची पूड मिसळून तेल गाळतात, ती सुट्या मेदाम्लांना बऱ्यापैकी शोषते. पण तेल पुन्हा ताजं होत नाही. नितळ दिसणारं तेल चांगलं असेलच असं नाही, हे गाळणी वापरणाऱ्याने मनात पक्कं धरायला हवं.

या विरघळलेल्या बिघाडाचं माप आहे. त्याला एकूण ध्रुवीय घटक म्हणतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याची कमाल मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, आणि १ जुलै २०१८ पासून व्यावसायिकांना ती लागू आहे. त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. कढईत बुडवून हा आकडा दाखवणारी हातातली उपकरणं मिळतात. ध्रुवीय घटक वाढले की तेलाचा विद्युत गुणधर्म बदलतो, तो ती मोजतात. घरी असं उपकरण नसतं, म्हणून घरचा नियम जास्त कडक हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार-मार्गदर्शिका सांगते की एकदा तळणीला वापरलेलं तेल गाळून भाजी-आमटीला घ्यावं, पुन्हा तळणीला घेणं टाळावं, आणि ते एक-दोन दिवसांत संपवावं. मला हा सल्ला पटतो. फराळात सलग दोन दिवस तळण असेल तर मधे गाळून दुसऱ्या दिवशी तेच तेल घेणारी घरं असतील. त्यांनी निदान तिथे थांबावं. दिवाळीचं तेल तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवू नये.

तेल संपलं हे ओळखायला डोळे आणि नाक पुरेसे आहेत. ते नेहमीपेक्षा लवकर धुरावतं. पदार्थ सोडल्यावर मोठे बुडबुडे येऊन विरण्याऐवजी बारीक फेस वर चढत राहतो. ओतताना धार जड पडते. गार तेलाला जुन्या रंगासारखा वास येतो. यांतलं एकही लक्षण दिसलं तर ते तेल गाळू नये, काढून टाकावं. फेस येऊ नये म्हणून कढईत चिंचेचा बुटुक टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. ताज्या तेलाला ओलसर पदार्थामुळे फेस आला असेल तर ती चालेल. जुन्या तेलाचा फेस हा इशारा असतो, तो दाबून काय मिळणार?

कोणतं तेल घेतो यानेही फरक पडतो. लिनोलेइक आम्ल हवेशी ओलेइक आम्लापेक्षा साधारण दहापट वेगाने क्रिया करतं. करडईच्या नेहमीच्या तेलात ते सुमारे पाऊण भाग असतं, सूर्यफुलाच्या तेलातही बरंच. शेंगदाण्याच्या तेलात त्याहून पुष्कळ कमी. म्हणून तळणीला शेंगदाण्याचं तेल जास्त टिकतं, करडईचं फोडणीला ठेवावं. लाकडी घाण्याचं तेल चवीला सुरेख, पण ते शुद्ध केलेल्या तेलापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला धुरावतं. त्यावर दिवसभराचं तळण काढणं हे त्या तेलाचं नुकसान आहे. नवं तेल जुन्यात मिसळून जुनं सुधारत नाही, उलट नवं लवकर बिघडतं.

शेवटी टाकायच्या तेलाबद्दल. मोरीत ओतलेलं तेल नळीच्या भिंतींवर थर धरतं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ मध्ये २५० मीटर लांब, १३० टनांचा मेदाचा गोळा सापडला होता. तो असाच, घराघरांतून आणि खानावळींतून साचलेला. बिजागऱ्यांना हे तेल लावू नये, काही दिवसांत ते चिकट होऊन त्या जास्तच कुरकुरतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकी गृहिणी स्वयंपाकाची उरलेली चरबी गाळून डब्यात भरत आणि खाटकाच्या दुकानात नेऊन देत. तिच्यापासून स्फोटकांसाठी ग्लिसरीन काढलं जाई. आपल्या देशात आज याच तेलापासून बायोडिझेल बनतं. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवणं बंधनकारक झालं.

एकेका घराचं उरलेलं तेल थोडंच असतं, ते न्यायला कुणी येत नाही. पण पन्नास घरांच्या सोसायटीचं एकत्र केलं तर संकलन करणाऱ्याला ते परवडतं. तेव्हा या दिवाळीआधी सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. जिन्याखाली झाकणाचा एक कॅन ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘तळणीचं वापरलेलं तेल’ असं लिहा, आणि तुमच्या भागातल्या नोंदणीकृत संकलकाला भाऊबीजेनंतरचा एक दिवस ठरवून बोलवा.